बादलीतल्या गणपतीचं माप

पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड मोजायची यंत्रं आम्ही सातपूरच्या एका गाळ्यात बनवतो. हे वाक्य मी लग्नकार्यात उच्चारलं की समोरचा माणूस पंगतीत जागा धरायला उठतो. आईने यावर स्वतःचा तोडगा काढला होता. ती नातेवाइकांना सांगायची, "माशांच्या दवाखान्यात आहे." लोकांचं समाधान व्हायचं, काही जण घरच्या काचेच्या पेटीतल्या माशाची तक्रारही सांगायचे, आणि मी दात-ओठ खात मान डोलवायची.

वास्तविक गोष्ट अगदी साधी आहे. बोटाएवढ्या नळीच्या टोकाला रंगाचा एक ठिपका असतो. आम्ही त्याला डोळा म्हणतो. डोळ्यावर सिलिकॉनचा पातळ पडदा असतो. त्यातून पाणी आत शिरत नाही, वायू शिरतो. वायू आत गेला की ठिपक्याचा रंग पालटतो. त्यावर आतून उजेड टाकायचा, परत येणारा उजेड मोजायचा आणि जोडलेल्या डबीवर आकडा दाखवायचा. टाकीत मासे दाटीवाटीने वाढवणारे लोक हे यंत्र घेतात, कारण गर्दी झाली की मासे स्वतःच सोडलेल्या वायूने गुदमरतात. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये माणसांचं होतं तेच.

बाबांना मात्र हे काही पटत नसे. ते वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. उभा जन्म दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेला. त्यांच्यापुढे आलेला काटा एक तर पास व्हायचा नाहीतर नापास. तिसरी गोष्ट त्यांच्या जगात नव्हती. भाजीवाली आमच्या पिशवीत न सांगता मूठभर जास्त टाकायची आणि बाबा ती मूठभर परत काढायला लावायचे, कारण जास्त मापही चुकीचंच माप. माझं यंत्र त्यांनी एकदा हातात घेऊन फिरवून पाहिलं होतं आणि विचारलं होतं, "ह्याला पारडं कुठाय? पारडं नाही ते माप कसलं?" त्यानंतर आम्ही त्या विषयावर बोललो नाही.

आमच्या घरात एक रीत आहे. विसर्जनाच्या दिवशी गणपती पाण्यात गेल्याशिवाय घरच्या कर्त्या माणसाने अन्नाला शिवायचं नाही. ही रीत ज्याने कुणी घातली त्याच्यासमोर गोदावरी होती. सकाळी आरती, दुपारच्या आत घाटावर, तीन वेळा बुचकळून सोडून दिलं की देव दिसेनासा, परत येऊन जेवण. त्यात काही अवघड नव्हतं. अवघड झालं ते यंदा, आणि त्याला कारण मी.

बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. वॉकर घेऊन ते हॉलपासून बाल्कनीपर्यंत जात, आणि तेवढ्यातही दोनदा थांबत. घाटाच्या शेवाळलेल्या पायऱ्या उतरायची गोष्टच नको. म्हणून मी जाहीर केलं की यंदा शाडूच्या मातीची मूर्ती आणायची आणि बाल्कनीत मोठ्या बादलीत विसर्जन करायचं. नदीचं प्रदूषण, पाण्यातले जीव वगैरे सगळं मी आईबाबांना बसवून ऐकवलं. आई म्हणाली, "बादलीत तर बादलीत. पण बादली नवी आण, कपड्यांची चालणार नाही."

मूर्ती घ्यायला मी आणि बाबा रिक्षाने गेलो. बाबा रिक्षातच बसून राहिले, मी मूर्ती पसंत केली. मांडववाला सायखेड्याकडचा होता. "ताई, शंभर टक्के शाडू हाय," तो म्हणाला. "अर्ध्या तासात इरघळंल, माझी ग्यारंटी." हातभर उंचीची ती मूर्ती मी एका हाताने उचलून रिक्षात ठेवली. एवढी हलकी कशी, असा विचार माझ्या मनात आला नाही. हलकी आहे, बरं झालं, असा आला. वजनाच्या माणसाने त्या दिवशी वजन हातात घेतलं नाही, आणि सगळं रामायण तिथून सुरू झालं.

अनंत चतुर्दशीला आरती झाली. उत्तरपूजा झाली. मी मूर्ती बाल्कनीत नेली, बाबांनी खुर्चीत बसून हात लावला, तीन वेळा बुचकळून आम्ही गणपती बादलीत बसवला आणि "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणालो. आत आईने पानं घ्यायला सुरुवात केली. आम्ही बादलीत बघत उभे राहिलो.

देव जागचे हलले नाहीत. पितांबराचा गुलाबी रंग थोडा पाण्यात उतरला, बाकी सोंड, कान, पोट, मोदक, सगळं जिथल्या तिथे. अर्धा तास गेला. मग एक तास गेला. गणपती पाण्याखालून प्रसन्न मुद्रेने आमच्याकडे बघत होते, आणि पुढच्या वर्षी काय, या वर्षीच जायचा त्यांचा विचार दिसत नव्हता.

"प्लास्टर आहे," बाबा म्हणाले. "शाडूची असती तर आणताना तुझी कंबर धरली असती."

मी मांडववाल्याला फोन लावला. तो जराही गडबडला नाही. "शाडूच हाय ताई. पन यंदा माती लय घट्ट आलीय. रातभर ऱ्हाऊ द्या." संध्याकाळी पुन्हा फोन केला तेव्हा तो बंद होता. मांडवाच्या जागी तोवर दुसऱ्या कुणी मोसंबीचा रस काढायला सुरुवात केली असणार, याबद्दल मला शंका नाही.

मूर्ती उचलून संकलन केंद्रावर द्यावी असं मी सुचवलं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी खोटी वजनं विकत घ्यायला निघाले आहे. "निरोप दिलेल्या देवाला परत वर काढायचं? निवृत्तीचा नारळ हातात दिल्यावर बदलीचा हुकूम काढतात का कुणी?" शेवटी शेजारणीने सांगितलं की प्लास्टरच्या मूर्तीसाठी महापालिका एक पावडर फुकट देते, अमोनियम बायकार्बोनेट. ती पाण्यात टाकली की मूर्ती विरघळते. मी जाऊन रांगेत उभी राहिले आणि पिशवीभर पावडर घेऊन आले.

पिशवीवर सूचना छापलेल्या होत्या. मी त्या वाचल्या आणि हाताखाली झाकून बाबांपासून लपवायचा प्रयत्न केला, पण तपासणीत हयात गेलेल्या माणसासमोर हे जमत नाही. त्यांनी पिशवी मागून घेतली, चष्मा लावला आणि शेवटपर्यंत वाचलं. मूर्ती पूर्ण विरघळायला दोन दिवस लागतात, असं तिथे होतं.

"बरं," बाबा म्हणाले. "दोन दिवस तर दोन दिवस."

आणि त्यांनी हात जोडून खुर्चीत मान टेकली. बाबांना कित्येक वर्षांचा मधुमेह. जेवणाला जरा उशीर झाला तरी त्यांचे हात कापायला लागतात, घाम फुटतो. दोन दिवस सोडाच, एक दिवसही त्यांना झेपण्यातला नव्हता. मी समजावलं, रागावले, फळं तरी खा म्हटलं. ते म्हणाले, "फराळ चालतो असं आमच्या वडिलांनी कधी सांगितलं नाही." वडिलांना सांगायची वेळ कशी येणार? त्यांचा देव तर डोळ्याचं पातं लवायच्या आत नदीत दिसेनासा व्हायचा!

पावडर पाण्यात पडताच बादली चरचरायला लागली. बारीक बुडबुडे वर आले, पाणी ताकासारखं पांढरं झालं आणि असा काही वास सुटला की बंद गोठ्यात कुणी डोकं दाबून धरावं. जरा वेळाने खालच्या मजल्यावरच्या काकू नाकाला पदर लावून वर आल्या. ड्रेनेज फुटलं असणार अशी त्यांची खात्री होती. बाल्कनीत येऊन त्यांनी पाहिलं की हा वास बाप्पांचा आहे. त्यांनी नाकावरचा पदर काढला, हात जोडले, तोच पदर डोक्यावर घेतला आणि श्वास रोखून नमस्कार केला.

मी पंचवटीतल्या आमच्या गुरुजींना फोन केला. ते स्कूटरवर होते, मागे भाजीवाल्यांचा गलका ऐकू येत होता. "अहो, उत्तरपूजा झाली ना? अक्षता टाकल्या ना? मग देव गेले. आता राहिली ती नुसती मूर्ती. त्यांना म्हणावं खुशाल जेवा, मी केव्हाच जेवलो." मी फोन स्पीकरवर ठेवला होता. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गुरुजी, शास्त्र तुमचं बरोबर असेल. पण मला त्यांचे कान दिसतायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी कान दिसेनासे झाले, कारण पाण्याखालचं काहीच दिसेना. आता उलटी पंचाईत. पाणी चुन्यासारखं घट्ट पांढरं, आत देव आहेत की गेले हे कळायला मार्ग नाही. सूचनेत काठीने ढवळायला सांगितलं होतं. बाबा म्हणाले, "देवाला काठीने ढोसणार?" मग आम्ही बादलीच धरून हळूहळू डोलवायचो, तान्ह्या बाळाची झोळी डोलवावी तशी. बाबांचा चेहरा ओढलेला, ओठ कोरडे. पाणी तेवढं घोट घोट घेत होते. आईने सकाळपासून स्वयंपाक तयार करून झाकून ठेवला होता. त्यांच्याआधी ती जेवत नाही, म्हणजे उपाशी दोघंही होते, पण तिचं कुणी विचारत नव्हतं, ती स्वतःही नाही. मी मात्र पोटभर जेवले होते. रागात मला जास्त भूक लागते.

बादलीशी बसून ते बुडबुडे बघता बघता माझ्या डोक्यात उजेड पडला. पावडर प्लास्टरला खाते तेव्हा जो वायू सुटतो तो कार्बन डायऑक्साइड. प्लास्टर संपलं की वायू संपणार. आणि हा वायू पाण्यात किती आहे हे मोजणं, हा तर माझा धंदा!

"बाबा, आकडा खाली आला की देव गेले," मी म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी माझ्या कामाबद्दल मान वर करून विचारलं, "किती अचूक?"

मी सातपूरला जाऊन कोरं यंत्र घेऊन आले. पण बाबा तपासल्याशिवाय काटा कसा वापरू देतील! "आधी शून्य दाखव," ते म्हणाले. मी पाणी खळखळून उकळलं, झाकून गार केलं, त्यात नळी सोडली. शून्य. "आता भरलेलं दाखव." सोड्याची बाटली आणली. "सीलबंद आहे ना? बघू." त्यांनी झाकण स्वतः बोटांनी चाचपलं. सोड्यात आकडा सरसर चढत टोकाला गेला. बाबांनी पुन्हा उकळलेल्या पाण्यात घालायला लावलं, पुन्हा सोड्यात. त्यांचे हात थरथरत होते, पण नजर डबीवरून हलत नव्हती. मी अकरावीला शास्त्र शाखा घेतली तेव्हा, नोकरी लागली तेव्हा, गाळा घेतला तेव्हा, इतकं लक्ष देऊन त्यांनी माझ्याकडे कधी बघितल्याचं मला आठवत नाही. खरंच सांगते, त्या क्षणी मला त्या बादलीचा राग आला नाही.

"पास," ते म्हणाले. "सोड बादलीत."

आकडा टोकाला जाऊन बसला. म्हणजे देव आत होते आणि जोरात जात होते. ही बातमी आईने खालच्या काकूंना सांगितली, काकूंनी जिन्यात सांगितली आणि लोक चौकशीला यायला लागले. काकू स्वतः स्टीलच्या डब्यात आपल्या बादलीतलं पाणी घेऊन आल्या. त्यांची मूर्ती खरी शाडूची, आदल्या दिवशीच विरघळून गाळ झालेला. तरी त्या म्हणाल्या, "आमचे पूर्ण गेलेत का तेवढं बघ ना. मनाला रुखरुख नको." मी नळी बुडवून सांगितलं, "गेले." त्या डबा कपाळाला लावून, सुटकेचा निःश्वास टाकून खाली गेल्या. पदवी घेतल्यापासून इतकं समाधानी गिऱ्हाईक मला मिळालेलं नाही.

घरात आता दोन यंत्रं चालू होती. एक बादलीत, दुसरं साखर मोजायचं. बाबांच्या बोटाला टोचून मी आकडा बघायची आणि तो दर खेपेला खाली आलेला असायचा. बादलीचा आकडा उतरावा आणि बाबांचा उतरू नये म्हणून मी तिथे बसले होते. देव पाण्यात घालून बसणं म्हणतात ते मी अक्षरशः करत होते. "त्या पट्ट्यांची मुदत संपली असेल," बाबा साखरेच्या यंत्राबद्दल म्हणाले. त्याला त्यांनी पास केलेलं नव्हतं.

दुपार व्हायला आली, मी बाबांना आत हॉलमधल्या खुर्चीत बसवलं, आणि त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब दिसायला लागले. बोलताना जीभ जड लागत होती. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "आत्ताच्या आत्ता तोंडात साखर घाला. ऐकत नसतील तर उचलून घेऊन या." मी साखरेचा चमचा घेऊन गेले. बाबांनी ओठ मिटून घेतले आणि बादलीकडे बोट केलं. ऐंशी वर्षांचा माणूस, तोंड घट्ट मिटून, औषध नको म्हणणाऱ्या पोरासारखा! मला त्यांचं नाक दाबावंसं वाटलं. मला त्यांना एक गुद्दा घालावासाही वाटत होता.

मी बादलीकडे आले आणि डबीकडे पाहिलं. शून्य.

एक क्षण मला आनंद झाला. दुसऱ्या क्षणी वास नाकात गेला आणि सगळं लक्षात आलं. बादलीत अमोनिया दाटला होता. अमोनिया हाही वायूच, तो पडद्यातून आत जातो आणि ठिपक्याचा रंग नेमका उलट दिशेला पालटतो. समोर वायू कितीही असो, डोळा शून्य म्हणतो. गलिच्छ टाक्यांचे मालक अशी तक्रार घेऊन येतात तेव्हा मीच त्यांना फोनवर दहा मिनिटं ऐकवते. यंत्र आंधळं झालं होतं. बादलीच्या कडेला अजून बुडबुडे येत होते. देव आतच होते.

"किती?" आतून बाबांचा आवाज आला. आवाज कसला, नुसती हवा.

"शून्य," मी म्हणाले. आकडा खरा होता. तो माझ्या डोळ्यांसमोर डबीवर होता, मी मनाचं काही सांगितलं नव्हतं. "शून्य आहे बाबा. गेले. चला जेवायला."

बाबांनी डोळे उघडले. "सोड्यात घालून दाखव."

"बाबा, सकाळी चार वेळा दाखवलं."

"काटा आधी बघायचा आणि नंतरही बघायचा."

दुसरी बाटली फोडली. नळी आत सोडली. सोडा फसफसत होता, पेल्याच्या काठावरून उतू जात होता, आणि डबी म्हणत होती, शून्य. बाबांनी त्या आकड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"नापास," ते म्हणाले. "नापास काट्यावर व्यवहार नाही, बाळा."

तिथे माझा बांध फुटला. "नको व्यवहार!" मी ओरडले. "मला व्यवहार नकोय, मला तुम्ही हवे आहात! त्या बादलीत कोण आहे, किती आहे, याची मला काही पडलेली नाही. तुम्ही असे माझ्या डोळ्यांसमोर जायला लागलात आणि मी काय करतेय, तर सोडा मोजतेय! खोटं बोलले मी. पुन्हा बोलेन!" मला रडू फुटलं. बाबांच्या हनुवटीवरून घाम ओघळला आणि सदऱ्यावर पडला.

स्वयंपाकघरातून आई आली. आमच्या दोघांकडे बघायची तसदीही न घेता ती सरळ बाल्कनीत गेली. पदर खोचला, उजव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सारल्या आणि त्या घाण वासाच्या पांढऱ्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातला. जिने नवी बादली आणायला लावली होती, सोवळ्याशिवाय देवाचं निर्माल्य उचलत नाही, ती. तिने तळापर्यंत हात फिरवला. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मग थांबली. मग हात वर काढला. हात पांढऱ्या लगद्याने माखलेला होता आणि मूठ घट्ट मिटलेली होती.

"काही नाही खाली," ती म्हणाली. "नुसता गाळ आहे. गेले."

तिने ती मूठ पदराखाली घेतली, आत गेली आणि ताट घेऊन आली. बाबांच्या पुढ्यात ठेवलं, गुळाचा खडा ठेवला. मग मऊ भात वाढला, त्यावर वरण घातलं, तूप सोडलं. सगळं डाव्या हाताने.

डाव्या हाताने वाढलेलं आमच्या घरात कुणी खात नाही. एका लग्नात वाढप्याने डाव्या हाताने मठ्ठा वाढला म्हणून बाबा पानावरून उठले होते. आता ते आईच्या डाव्या हाताकडे बघत होते. वाढता वाढता वरणाचा थेंब ताटाबाहेर पडला, तिला सवय नव्हती. मग त्यांनी पदराखालच्या उजव्या हाताकडे पाहिलं, तिथून जमिनीवर पांढरं पाणी टपकत होतं. या माणसाच्या नजरेतून उभ्या जिल्ह्यात एकही काटा निसटला नव्हता.

बाबांनी गुळाचा खडा तोंडात टाकला. मग चित्राहुती घातल्या, भात कालवला आणि जेवायला लागले. पहिले काही घास हाताच्या थरथरण्याने ताटातच सांडले. मी जवळ बसून पाठीवर हात ठेवला, तो त्यांनी ठेवू दिला.

आई बाल्कनीत गेली. मीही मागोमाग गेले. तिने मूठ उघडली. आत गणपतीचा हात होता, मनगटापासून तुटलेला, आशीर्वादाचा. बोटं झिजून गोल झाली होती, पण तळवा जसाच्या तसा.

"आई!" मी म्हणाले.

"काय आई? तळाशी अजून गुडघाही आहे," ती खालच्या आवाजात म्हणाली. "जाईल सावकाश. त्याला कसली घाई? तो एकवीस मोदक खाऊन बसलाय. उपाशी हे होते." आणि तिने तो हात अलगद परत बादलीत सोडला. पाणी चरचरलं. मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही थांबेना. तिने मला कोपराने ढोसलं, गप्प बस म्हणून.

आतून बाबांचा आवाज आला. आता त्यात थोडा जीव होता.

"अगं, तो हात साबण लावून नीट धू. दोनदा धू. आणि तुझंही ताट घेऊन ये, कालपासून उपाशी आहेस."

आई जागच्या जागी उभी राहिली. मग तिने दोन्ही हात साबण लावून धुतले, पदराला पुसले आणि आपलं ताट घेऊन त्यांच्याशेजारी जाऊन बसली.